वन्संनी धरलेला डूख

माझ्या नणंदबाई रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. इतका उतरायचा की समोरच्याला कान पुढे करावा लागायचा. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, किती शांत बाई आहेत, मी सुटले. माहेरी सगळे ताडताड बोलणारे, पाच मिनिटांत भांडून पाच मिनिटांत हसणारे. वन्संचं तसं नव्हतं. त्या डूख धरायच्या. वर्षानुवर्षं धरायच्या, आणि तोंडावर रेषसुद्धा हलायची नाही.

त्यांचं काम घोड्यांचं. सासरे घोडे शिकवायचे, त्यांच्या मागे मागे फिरून वन्सं शिकल्या, आणि पुढे सासऱ्यांपेक्षा सवाई निघाल्या. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, चार पायांच्यांना वळण लावून दमायला होतं, दोन पायांच्याला कुठे लावत बसू. गावाबाहेर, मालगाड्यांच्या यार्डापलीकडे एक मोठा तबेला होता. त्या तिथे होत्या आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवराही तिथेच. वन्सं घोडे शिकवायच्या, आमचे हे ते घोडे फिरवायचे आणि गिऱ्हाइकांना दाखवायचे.

तबेल्याच्या मालकाला पाठीमागे सगळे फटक्या म्हणत. हातात कायम लांब वादीचा चाबूक. घोड्याला लागेलच असं नाही, पण हवेत असा काडकन वाजवायचा की कौलांवरची पाखरं उडायची. त्याचं म्हणणं, घोडा विकायचा तर तो गिऱ्हाइकासमोर पेटलेला दिसला पाहिजे. वन्सं म्हणायच्या, तो पेटलेला नसतो, घाबरलेला असतो. पण मालकासमोर किती बोलणार?

आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. एक काळा घोडा होता, अर्धवट शिकलेला. वन्संनी सांगून ठेवलं होतं की याच्यावर अजून कुणी बसायचं नाही. त्या दिवशी त्या तबेल्यात नव्हत्या, आणि बाहेरगावचं गिऱ्हाईक अचानक दारात उभं. फटक्याने ह्यांना काळ्यावर बसवलं. घोडा रिंगणात बरा चालत होता, पण फटक्याला तो मवाळ वाटला, म्हणून त्याने मागून चाबूक वाजवला. काळा मागच्या पायांवर उभा राहिला, तोल गेला आणि ह्यांना घेऊन पाठीवर पडला. कमरेखालचं सगळं त्या क्षणी संपलं.

आम्ही दवाखान्यात पोचायच्या आधी फटक्याची गोष्ट पोचली होती. हे पिऊन घोड्यावर बसले होते, अशी. डॉक्टरांना त्याने तेच सांगितलं, चौकशीला आलेल्यांना तेच सांगितलं, आणि तबेल्यातल्या दोन मोतद्दारांनी मान हलवली, कारण घोड्यांना चारा घालण्याची, अंग घासण्याची ती नोकरी त्यांना हवी होती. माझा नवरा औषधाच्या चमच्यालाही नाक मुरडणारा माणूस. पण पडलेल्या माणसाचं कोण ऐकतं? काळ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकमध्ये घालून कसायाकडे पाठवलं. गाव म्हणालं, बिचाऱ्या घोड्याचा काय दोष, प्यायलेला माणूस वर बसला की असंच व्हायचं. ते बोलणं आमच्या घराला चिकटलं ते चिकटलंच. पुढे हे घरी बसून खोगिरं शिवायला, लगाम दुरुस्त करायला लागले. काम चोख होतं, माणसं यायची. पण जाताना एखादा तरी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, आता सोडली असेल ना? हे हसून सोडून द्यायचे. आतल्या खोलीत वन्संच्या हातातलं काम थांबायचं.

वन्सं फटक्याकडे एकदाच गेल्या होत्या. काही नको, म्हणाल्या, फक्त खरं काय झालं ते चार माणसांत सांगा. तो खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "जिवंत आहे ना? त्यातच समाधान मानायला शिका."

वन्संनी त्याच दिवशी तबेला सोडला. जनावरांच्या दवाखान्यात लागल्या. इंजेक्शनच्या वेळी जनावर धरायचं, जखमा धुवायच्या, पिंजरे घासायचे. दवाखाना आमच्या गल्लीच्या टोकाला, पण त्या रोज लांबचा रस्ता धरायच्या, तबेल्याच्या फाटकावरून. मी एकदा म्हटलंही की वन्सं, कशाला रोज मिठाचा हात जखमेवर फिरवता? त्या म्हणाल्या, "भरून येऊ नये म्हणून." ह्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. निदान तसं म्हणायचे. ताई, किती दिवस धरून बसणार, असं ते म्हणाले की वन्सं गुमान उठून जायच्या. खरं सांगायचं तर मला कधीकधी वन्संचाच राग यायचा. नवरा माझा मोडला, आणि सूड त्यांनी जपायचा. मी रडून मोकळी झाले होते, आणि त्यांच्यापुढे माझं रडणं उथळ वाटायचं.

अशी बरीच वर्षं गेली, आणि एका दुपारी फटक्या आमच्या दारात उभा राहिला.

मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, ऐट तीच. हे समोरच चाकाच्या खुर्चीत खोगिराला टाके घालत बसले होते. त्यांच्याकडे त्याने पाहिलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच वन्संशी बोलला. त्याने एक तरणा घोडा घेतला होता, तांबूस, लांब मानेचा, दिसायला चित्रासारखा. पण तो सावलीला बुजायचा, बादलीला बुजायचा, स्वतःच्या शेपटीलाही बुजला असता. मोतद्दारांनी त्याचं नाव दचक्या ठेवलं होतं. शेजारच्या गावी घोडेस्वारीची शाळा चालवणाऱ्या बाईंनी तो पाहिला आणि त्यांना तो आवडला. पण त्यांच्याकडे नवशिकी माणसं बसणार, तेव्हा घोडा शांत करून दाखवा, थंडी संपली की येते, असं त्या सांगून गेल्या होत्या. तबेल्याची पूर्वीची शान राहिली नव्हती. शाळेसारखं गिऱ्हाईक जोडलं गेलं तर तो तगणार होता. फटक्याच्या माणसांनी त्या घोड्यापुढे हात टेकले होते.

मला वाटलं, वन्सं दार लावून घेतील. त्या म्हणाल्या, उद्यापासून येते. फक्त मी असेन तोवर रिंगणात दुसरं कुणी पाऊल टाकायचं नाही आणि चाबूक फाटकाच्या आत आणायचा नाही. तो लगेच कबूल झाला, इतका की मला त्याची कीव आली.

आत आल्यावर मी विचारलं, हे काय केलंत? वन्सं कपबश्या विसळत होत्या. आवाज अगदी खाली गेला होता.

"बाई येतील त्या दिवशी घोड्यावर तोच बसणार," त्या म्हणाल्या. "शिकवलं दुसऱ्याने आणि बसून मिरवलं त्याने, हे त्याचं जन्माचं आहे. बसू दे."

 पुढचं विचारायची मला भीती वाटली.

त्यांचा जेवणाचा डबा घेऊन मी दुपारी तबेल्यात जायचे, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. पहिले कित्येक दिवस त्यांनी काहीच केलं नाही. रिंगणाच्या मधोमध बादली पालथी घालून, घोड्याकडे पाठ करून बसायच्या. दचक्या पार पलीकडच्या कुंपणाला अंग घासत उभा, नाकपुड्या फुललेल्या, डोळ्याचं पांढरं दिसतंय. मोतद्दार हसायचे की म्हातारी ऊन खायला येते. वन्सं शिवणकाम न्यायच्या, ह्यांच्या सदऱ्याची बटणं लावायच्या. मग एके दिवशी मी डबा घेऊन फाटकाशी थबकले. दचक्या त्यांच्या मागे, हातभर अंतरावर, मान लांब करून त्यांच्या अंबाड्याचा वास घेत होता. त्या वळल्या नाहीत, दोराही तोडला नाही. घोड्याने जोरात श्वास सोडला आणि त्या उठून सरळ माझ्याकडे चालत आल्या. मी म्हटलं, जवळ आला होता की हो, हात का नाही लावलात? म्हणाल्या, "त्याला वाटलं ना की आता धरणार? नाही धरलं. आज एवढंच."

सगळी रीत हीच. त्या घोड्याची भीती काठापर्यंत येऊ द्यायच्या, सांडू द्यायच्या नाहीत. कान मागे जायच्या आत, अंग ताठायच्या आत, त्याच मागे व्हायच्या. घोडा सैलावला, ओठ चाटायला लागला, की गळ्याखाली खाजवायच्या. आधी हात, मग खरारा, मग अंगावर टाकलेलं फडकं. फडक्याची पुढे ताडपत्री झाली. छत्री आधी मिटलेली जमिनीवर पडून राहिली, तिच्या शेजारी मूठभर दाणा. मग अर्धी उघडलेली, मग उघडून फिरणारी. पत्र्याचा आवाज, चेंडू, पाण्याचं डबकं, दूधवाल्याची फटफटी. फटफटीला तो असा दचकला की सगळं शिकलेलं पुसलं गेलं असं मला वाटलं. वन्संनी दूधवाल्याला विनवून ती रोज जरा जरा जवळ उभी करवली, आणि शेवटी तिच्या सीटवर दाण्याची पाटी ठेवली. मग दूधवालाच कुरकुरायला लागला की तुमचा घोडा माझी सीट खातो.

एकदा मात्र सगळं बिनसलं. फटक्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता, कुणाला तरी सांगत होता की घोडा माझ्या नजरेखाली तयार होतोय. वन्संनी ऐकलं आणि रोजच्यासारख्या आत गेल्या. मला त्यांच्यात काही फरक दिसला नाही. दचक्याला दिसला. आदल्या दिवशी त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकणारा घोडा टाप आपटत पलीकडच्या कोपऱ्यात गेला आणि त्यांना जवळ येऊच देईना. त्या बाहेर आल्या, यार्डापर्यंत चालून आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा तेच. शेवटी आम्ही घरी आलो. वाटेत त्या म्हणाल्या, माणसाला फसवता येतं गं, याला हातातूनच कळतं. त्यानंतर मी पाहायचे, रिंगणात पाऊल टाकण्याआधी त्या फाटकाला हात लावून जरा वेळ उभ्या राहायच्या. आत जाणारी बाई वेगळीच असायची, सैल खांद्यांची, गुणगुणणारी. बाहेर आल्या की जबडा परत आवळलेला. राग त्यांनी सोडला नव्हता, फक्त बाहेर टांगून आत जायला शिकल्या होत्या.

थंडी संपत आली. दचक्यावर खोगीर चढलं, वन्सं त्यावर बसल्या. त्याला टाचेने किंवा जीभ वाजवून चालवायचं त्यांनी मुद्दाम शिकवलं नव्हतं. मानेवर तळवा टेकवून हळूच म्हणायच्या, "निघू या?" आणि तो निघायचा. मोतद्दारांचं हसणं बंद झालं होतं.

दचक्याचं खोगीर ह्यांनीच शिवलं होतं. एका रात्री जेवताना ह्यांनी सहज विचारलं, "ताई, चाबूक दाखवलास का त्याला?"

वन्संनी ताटातून मान वर केली नाही. ह्यांनी पुन्हा विचारलं. मग त्या म्हणाल्या, नाही दाखवला. छत्री दाखवली, पत्रा दाखवला, फटफटी दाखवली, चाबूक नाही. फटक्याने त्याला सुरुवातीला खूप मारलंय, तो आवाज त्याच्या हाडात बसलाय, मी तिथे हात लावलेला नाही. तो माणूस चाबकाशिवाय घोड्यावर बसायचा नाही आणि वाजवल्याशिवाय राहायचा नाही. मग जे व्हायचं ते होईल. मी काही केलं नाही असं मी देवासमोर सांगू शकते.

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी बरंही वाटलं. डोळ्यांपुढे तो माणूस जमिनीवर पडलेला आला आणि मी ते चित्र लगेच पुसलं नाही.

 हे म्हणाले, "फटक्या पडेल. माझ्यासारखा होईल, नाहीतर मरेल. ते तुझं तू बघ. पण घोड्याचं काय? काळ्याचं काय झालं, आठवतंय ना?"

वन्संचा घास हातातच राहिला. काळ्याला त्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं. ट्रक गेला तेव्हा त्या दवाखान्यात भावाजवळ होत्या. जनावर आपल्याला शोधत असेल हे माहीत असून त्यांना उठता आलं नव्हतं. त्या ताटावरून उठल्या आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ह्यांच्याकडून एक लांब वादी वळून घेतली. मला म्हणाल्या, तूही चल.

चाबूक आधी रिंगणात नुसता पडून राहिला, दाण्याच्या ढिगाशेजारी. दचक्याने तो पाहिला आणि त्या दिवशी दाणा शिवलाही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे कधीतरी ओठ लांब करून कडेचे दोन दाणे उचलले. हळूहळू वन्सं तो हातात घेऊन फिरू लागल्या, त्याच्या वादीने त्याची पाठ गोंजारू लागल्या. आवाजाचं काम माझ्याकडे. भिंतीपलीकडे, पार यार्डाच्या बाजूला उभं राहून मी तो वाजवायचा. मला कुठला येतोय? पहिल्यांदा माझ्याच पोटरीवर बसला, मग पदरात गुंतला. मालगाडीचे हमाल काम टाकून बघत होते. शेवटी जमला. इकडे मी वाजवायचे आणि तिकडे घोडा जागचा न हलता राहिला की वन्सं दाणा पुढे करायच्या. मी रोज थोडी जवळ सरकायचे. घोडा आधी थरथरायचा, मग नुसते कान हलवायचा, आणि अखेर असं झालं की चाबूक वाजला की तो जिथल्या तिथे गच्च उभा. जमिनीत रोवल्यासारखा, मान खाली, दाण्याची वाट बघत.

त्या दिवशी वन्संनी मला फाटकाच्या आत बोलावलं आणि अगदी घोड्याच्या मागे वाजवायला लावला. एकदा, दोनदा. दचक्या हलला नाही. वन्सं हसल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं, आणि मला भीती वाटली. म्हणाल्या, "आता बसू दे त्याला. पाडायचं नाही. आता तो नुसता बसेल."

बाई आल्या तो दिवस स्वच्छ होता. साधी, करड्या केसांची बाई, बरोबर शाळेतले दोघंजण. तबेल्यातली सगळी माणसं कुंपणाला टेकून उभी होती, त्या वेळी फटक्याच्या खोट्याला मान हलवणारे ते दोन मोतद्दारही, आता म्हातारे झालेले. वन्संनी हट्टाने ह्यांना आणायला लावलं होतं. हे नको नको म्हणत होते. खुर्ची मी ढकलत आणली आणि रिंगणाच्या अगदी समोर लावली.

आधी वन्सं बसल्या. छत्र्यांमधून गेल्या, फडफडत्या ताडपत्रीवरून गेल्या, डबक्यातून गेल्या. बाईंच्या चेहऱ्यावर पसंती दिसायला लागली. ती दिसताच फटक्या पुढे झाला आणि लगामाला हात घातला. हात बांधून उभं राहणं त्याच्याच्याने होईना. वन्सं उतरल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की मालक, हा शब्दावर चालतो, चाबूक नको, बसण्याआधी मला एकदा विचारून घ्या. फटक्या बाईंकडे बघून हसला. माझ्याच घोड्याचं मी हिला विचारू, म्हणाला, आणि रिकिबीत पाय घालून चढला.

टाच मारली. घोडा उभा. पुन्हा मारली. कान फिरले, पाय नाही. जीभ वाजवली, लगाम हलवला, काही नाही. मग त्याने चाबूक उचलला आणि तो जुना आवाज रिंगणात घुमला. दचक्या आणखी गच्च झाला, मान खाली घालून दाणा शोधायला लागला. कुंपणाकडून कुणीतरी खाकरलं. पुन्हा चाबूक, पुन्हा तसाच. मग हसू फुटलं, एका टोकाला, मग दुसऱ्या. पुतळ्यावर बसलेल्या माणसासारखा फटक्या उंचावर, लालबुंद, सगळ्यांच्या नजरेत. त्याने वादी हवेतून काढून घोड्याच्या कुशीवर ओढली. दचक्याची कातडी थरथरली. आणखी एक ओढली. घोडा हलला नाही.

मी वन्संकडे पाहिलं. कुंपणाच्या बांबूवर त्यांची बोटं पांढरी झाली होती. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

शाळेच्या बाईच पुढे आल्या. थांबवा म्हणाल्या, आणि वन्संना विचारलं की हा कशाने चालतो?

वन्संचा आवाज खाली गेला. सगळे गप्प झाले, तेव्हा कुठे ऐकू आला. "सांगते. आधी मालकांनी मला एक सांगावं. माझा भाऊ काळ्यावरून पडला, त्या दिवशी तो प्यायला होता का?"

फटक्याने वरून खाली पाहिलं. त्याला उतरून निघून जाता आलं असतं. पण बाई समोर उभ्या होत्या, त्याची माणसं बघत होती, आणि उतरणं म्हणजे हरणं, हे त्याच्या इतकं अंगात मुरलं होतं की त्याला उतरता येईना. तो काहीतरी पुटपुटला.

"मागे ऐकू गेलं नाही," वन्सं म्हणाल्या.

"नव्हता," तो म्हणाला.

"चाबूक कुणी वाजवला?"

 घोडा फुरफुरला. मग फटक्या म्हणाला, "मी." म्हाताऱ्या मोतद्दारांपैकी एकाने डोक्यावरची टोपी काढली आणि ह्यांच्या खुर्चीकडे पाहून मान खाली घातली.

वन्संनी फटक्याला शब्द सांगितलाच नाही. आत गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "उतरा." तो उतरला. त्यांनी मानेवर तळवा ठेवला, ओठ हलले, आणि लगाम न धरता त्या चालू लागल्या. दचक्या त्यांच्या मागोमाग फाटकातून बाहेर गेला.

मला वाटलं होतं, घरी जाताना कर्ज फिटल्यासारखं हलकं वाटेल. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाटेत ते एवढंच म्हणाले, मला ऐकायचं होतं हे मलाच माहीत नव्हतं. त्यांना घरी सोडून मी वन्संना शोधत तबेल्यात परत गेले. त्या दचक्याच्या ठाणाबाहेर गवताच्या पेंढीवर बसल्या होत्या, हातात मलमाची वाटी. घोड्याच्या कुशीवर दोन वळ उठले होते. त्या मलम लावायला गेल्या तशी त्याने अंग काढून घेतलं होतं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता.

मी म्हटलं, मिळालं ना हवं ते?

"मिळालं," त्या म्हणाल्या. मग मलमाच्या वाटीत बघत, "पहिला फटका मारला तेव्हाच मला थांबवता आलं असतं. मला वाटलं, अजून एक मारू दे. अजून जरा हसू देत लोक."

मी त्यांच्या शेजारी बसले. वाटी हातातून घ्यायला गेले, तर त्यांनी दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्या परत घोड्याकडे पाठ करून बादलीवर बसल्या, पहिल्यापासून. वळ विरले तेव्हा कुठे त्याने कुशीला हात लावू दिला.

शाळेने दचक्याला घेतलं, पण बाईंची अट होती की वन्संनीही यायचं. त्या गेल्या. पुढे कित्येक नवशिक्यांनी त्याच्या पाठीवर पहिल्यांदा बसून डोळे मिटले आणि उघडले. फटक्याकडून शाळेने नंतर दुसरा घोडा घेतला नाही. त्या दिवसाची गोष्ट त्याच्याआधी सगळीकडे पोचायची. तबेला आक्रसत गेला, मोतद्दार एकेक करून सुटले. रस्त्यात दिसला तर तो वन्संना बघून थांबायचा, जणू त्या काही म्हणतील. त्या बाजूने निघून जायच्या.

शेवटी तो अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने निरोप पाठवला की बहीण-भाऊ दोघांनी एकदा येऊन जावं. वन्सं म्हणाल्या, माझं तिथे काही राहिलेलं नाही. मी समजावलं, ह्यांनी समजावलं. मरणाऱ्या माणसाचं एवढं ऐकावं, असं आम्ही म्हणालो. त्यांनी ऐकलं आणि आवाज इतका खाली नेला की आम्ही दोघंही पुढे झुकलो. "मी त्याला माफ केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "जाऊन खोटं बोलू का?"

हे एकटे गेले, मी खुर्ची ढकलत नेली. आत दोघं काय बोलले ते मी दाराबाहेरून ऐकलं नाही, आणि ह्यांनी मला कधी सांगितलं नाही. परत आलो तेव्हा वन्संनी पानं घेतली होती. ह्यांना वाढताना त्यांनी एवढंच विचारलं की त्या घराच्या पायऱ्यांवरून खुर्ची कशी नेलीत, त्रास झाला का? हे म्हणाले, तिथल्या दोघांनी उचलून नेली. बरं, म्हणाल्या, आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.